दोन्हीकडे पेटतोय!

नाना बँकेतून निवृत्त झाले, पण शर्टाच्या खिशाला काहीतरी अडकवायची सवय काही गेली नाही. पेनच्या जागी टेस्टर आला, एवढंच. त्याने ते रंगाचे डबे उघडतात, मिक्सरचे स्क्रू पिळतात आणि उरलेल्या वेळात करंट तपासतात. विल्यम रॅमझे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये लंडनला नियॉन वायू शोधला, तेव्हा तो टेस्टरच्या दिव्यात बसून आमच्या सोसायटीच्या जिन्यात इतका राबेल याची त्या बिचाऱ्यांना काय कल्पना!

काकूंचा एकच नियम: रबरी चपला घालून पाटावर उभं राहिल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही. नाना तसे उभे राहतात, टेस्टर मिणमिणतो आणि नाना जाहीर करतात, "व्होल्टेज डाऊन आहे." खरं तर डाऊन नानाच असतात. टेस्टरच्या टोपीवर बोट ठेवलं, की २३० व्होल्टचा फेज आतल्या रेझिस्टरमधून, नियॉनमधून आणि मग साक्षात नानांमधून जमिनीकडे जातो. रेझिस्टर इतका दांडगा असतो, की मिलिअँपिअरचा जेमतेम अंश पुढे सरकतो, म्हणून कळत नाही. पाट-चपलांनी तीही वाट अडते.

हे सांगितल्यावर नाना दचकले. "म्हणजे माझ्यातून करंट जातो?"

"रोज."

मग पावसाळ्यात आमच्या घरातले पंखे-दिवे गेले. शेजारी सगळं लख्ख. नानांनी सॉकेटच्या उजव्या भोकात टेस्टर घातला; पेटला. डाव्या भोकात घातला, तिथेही पेटला. "दोन्हीकडे पेटतोय! डबल फेज!" मजल्यावर हाकाटी झाली. समोरच्या वहिनींनी तर स्वतःचा फ्रिजही बंद केला.

वायरमन आला. त्याने स्वतःचा टेस्टर आधी शेजारच्या चालू सॉकेटमध्ये घालून पाहिला. ("याचा टेस्टरवर विश्वासच नाही," नाना माझ्या कानात.) मग होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब काढून आमच्या सॉकेटच्या दोन भोकांत लावला. ढिम्म. "सगळी बटणं बंद करा, फ्रिजसुद्धा," तो म्हणाला. केली. डाव्या भोकातला उजेड गेला.

"न्यूट्रल सुटलाय. फेज तुमच्या पंख्यातून, फ्रिजमधून पलीकडे येतोय, पण परत जायला वाट नाही. टेस्टरला काय, फेज दिसला की पेटायचं."

मेन बंद करून त्याने न्यूट्रलचा ढिला स्क्रू आवळायला घेतला. त्याच्या पेचकसाचं टोक मोठं निघालं, म्हणून त्याने नानांकडे हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीभर बातमी होती: आमच्या घरची लाइट नानांच्या टेस्टरने आली.