दुसऱ्या झटक्याची पूर्वतयारी : नवशिक्यांसाठी

पक्षाघाताचा पहिला झटका बहुतेकांना बेसावध गाठतो. दुसऱ्याच्या बाबतीत अशी हयगय बरी नव्हे. एकदा झटका येऊन गेलेल्याला तो पुन्हा येण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणजे निम्मं काम आधीच झालेलं आहे. उरलेलं घरबसल्या, फारसा खर्च न करता जमतं.

सुरुवात गोळ्यांपासून करावी. रक्ताची गुठळी होऊन झटका आला असेल, तर डिस्चार्जच्या कागदावर साधारणपणे ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलसाठी एखादी स्टॅटिन आणि बीपीच्या एक-दोन गोळ्या असतात. त्या लगेच बंद करू नयेत, घरच्यांना संशय येतो. काही महिने नेमाने घ्याव्यात. मग एके दिवशी बीपी १२८/७८ भरलं, की ‘आता नॉर्मल आहे’ असं जाहीर करून मोकळं व्हावं. ते गोळीमुळेच नॉर्मल आहे, असा फाटा कुणी फोडलाच तर ‘सवय लागते हो गोळ्यांची’ हे वाक्य तयार ठेवावं. या वाक्यापुढे एमडी झालेला भाचाही हात टेकतो. स्टॅटिनसाठी लिव्हर खराब होण्याचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज पुरेसा आहे. चढलेलं बीपी सहसा दुखत नाही, खुपत नाही, ही या पद्धतीतली सर्वांत मोठी सोय.

२००१ साली ‘प्रोग्रेस’ नावाची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. झटका येऊन गेलेल्या सहा हजारांहून अधिक लोकांपैकी ज्यांना बीपीची गोळी दिली, त्यांच्यात पुन्हा झटका येण्याचं प्रमाण चार वर्षांत २८ टक्क्यांनी घटलं. ज्यांचं बीपी मुळात वाढलेलं नव्हतं, त्यांनाही फायदा झाला. असलं काही वाचू नये.

आता मीठ. ‘मी वरून मीठ घेतच नाही’ हे चारचौघांत सांगत राहावं. लोणचं, पापड, फरसाण, खारे दाणे, वडापावबरोबरची तळलेली मिरची आणि सुका बोंबील यांची गणती मिठात होत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि वरचे सगळे पदार्थ त्यातच. कुणी फारच मागे लागलं तर सैंधवावर यावं. ते उपवासाला चालतं, म्हणून बीपीलाही चालणार असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच.

चीनमध्ये ६०० खेड्यांत एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सुमारे २१ हजार लोक, त्यांतल्या बहुतेकांना आधी झटका येऊन गेलेला. अर्ध्या गावांना पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ दिलं. जवळपास पाच वर्षांत तिथे झटके १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी भरले. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू असेल तर हे मीठ घातक ठरू शकतं, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावं लागतं. आपण ही सबब मूत्रपिंडं ठणठणीत असतानाही वापरावी.

तंबाखूचं सोपं आहे. पुरुषांनी सिगारेट सोडल्याचं पेढे वाटून सांगावं आणि खिशात चुन्याची डबी ठेवावी. बायकांना तेवढीही लपवाछपवी नको. मिश्री लावणं म्हणजे दात घासणं, आणि दात घासणाऱ्या बाईला व्यसनी कोण म्हणणार?

फिरायला जावं, मात्र बागेतल्या पहिल्या बाकापर्यंतच.

या मार्गातला खरा अडथळा म्हणजे सात कप्प्यांच्या डबीत दर रविवारी गोळ्या भरणारी सून. ती भाजीत मीठ कमी घालते, बीपी वहीत लिहून ठेवते, आणि ‘बाबा, रात्रीची राहिली’ असं पाहुण्यांसमोर म्हणते. तिच्याशी भांडू नये, पाहुण्यांना बोलवावं. ‘एका जिलबीने काय होतंय’ म्हणणारा माणूस प्रत्येक नात्यात एक असतोच, त्याचं येणं-जाणं वाढवावं. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, त्याने पथ्य सोडण्याचं बळ आपोआप येतं. घरच्यांनी त्याला हट्टीपणा म्हणत राहिलं, की उपचारांचा प्रश्नच मिटतो. (सुनेला तेवढं कळलेलं असतं, पण तिला विचारतं कोण?)

एवढं सगळं साधलं आणि एखाद्या सकाळी तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर १०८ला फोन करू नये. हाताला कोमट तेल चोळावं. घोटभर पाणी पाजावं. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं, पण तहान कोण बघणार? घरातली ॲस्पिरिनही देऊन टाकावी. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असला तर ती गोळी उलटते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेव्हा दुपारचं जेवण उरकूनच निघावं. आणि ‘शेवटचे धडधाकट कधी दिसले होते?’ असं डॉक्टरांनी विचारताच मुलाने ‘मघाशी’ म्हणावं, बायकोने ‘कालपासून जरा गप्पच होते’ म्हणावं, आणि सोबत आलेल्या शेजाऱ्याने ‘मी तर दिवाळीपासून सांगतोय’ असं ठासून सांगावं.