जीर्णोद्धारक

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील बहुतेक गावांत देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणीचे पुस्तक घेऊन फिरणारा एक तरी गृहस्थ आढळतो. परंतु गेल्या काही वर्षांत त्याच्या शेजारी आणखी एका जीर्णोद्धारकाची नोंद करणे क्रमप्राप्त झाले आहे, जो वर्गणी मागत नाही, पावती फाडत नाही, केवळ माळ्यावर टाकलेला जुना लॅपटॉप मागतो, आणि तो मिळाल्यावर यजमानाने न मागितलेले स्वातंत्र्य त्याच्या पदरात घालूनच उठतो. नारायणगाव, आळेफाटा, मंचर, घोडेगाव या बाजारपेठांच्या गावांत त्याचा वावर विशेष असून, तो बहुधा हिंजवडीची नोकरी करता करता २०२० च्या टाळेबंदीत गावी परतलेला तरी असतो किंवा कनिष्ठ महाविद्यालयाची संगणक-प्रयोगशाळा सांभाळणारा तरी. किल्ल्यांच्या जुडग्यात दोन पेनड्राइव्ह, खिशात बारीक पेचकस आणि निरनिराळ्या लॅपटॉपांतून उरलेल्या स्क्रूंची एक डबी, ही त्याची बाह्यलक्षणे होत. स्क्रू उरला कसा, असे विचारल्यास ‘कंपनीने जास्तीचे दिले होते’ असे शास्त्रीय उत्तर मिळते.

त्याच्या कार्याचा पूर्वार्ध यांत्रिक असतो. जुन्या लॅपटॉपातील हार्डडिस्क म्हणजे मिनिटाला साधारण ५४०० फेरे घेणाऱ्या चुंबकीय चकत्या आणि त्यांवर मागेपुढे धावत माहिती हुडकणारा एक दांडा; एसएसडी म्हणजे हलणारा एकही भाग नसलेली, चिपांत माहिती साठवणारी अडीच इंची डबी, जिच्यात धावाधाव करायला कोणी नसल्यामुळे हुडकण्याचा वेळ जवळजवळ शिल्लकच राहत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली ही डबी बसवल्यावर, चहा होईस्तोवर सुरू न होणारा लॅपटॉप आधण येण्यापूर्वीच सुरू होतो. या क्षणी यजमान पूर्णपणे समाधानी असतो आणि कोणताही सामान्य मेकॅनिक येथेच पैसे घेऊन निघून गेला असता. जीर्णोद्धारकाच्या दृष्टीने मात्र आतापर्यंत फक्त पाया खणून झालेला असतो.

उत्तरार्ध तात्त्विक असून त्याचे निमित्त त्याला आयते मिळालेले आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, संपला, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व तुलनेने नवा प्रोसेसर लागत असल्यामुळे, चालत्या स्थितीतील असंख्य लॅपटॉप कागदोपत्री म्हातारे ठरले. अशा वेळी तो लिनक्सचे आख्यान लावतो: रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हल्ड्स या विद्यार्थ्याने कर्नल, म्हणजे यंत्राचे भाग आणि त्यांवर चालणारे प्रोग्राम यांच्यामधला कारभारी, लिहून जगापुढे ठेवला, आणि या दोहोंची मोट बांधून ज्या तयार आवृत्त्या निघतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. श्रोत्याची मान डुलू लागली, की तो स्थानिक दाखल्यांकडे वळतो. नाणेघाटात जकातीचा मानला जाणारा दगडी रांजण दोन हजार वर्षे उभा असला, तरी लिनक्सच्या वाटेवर जकात नाही, हा त्याचा पहिला दाखला. आणि ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जी महाकाय दुर्बीण खोडदला आहे, तिच्याकडे येणारे आकाशातले संकेत लिनक्सवर चालणारे संगणक जुळवतात, हा दुसरा व निर्णायक दाखला. ‘दुर्बिणीला चालतं, ते तुम्हाला का चालू नये?’ या प्रश्नाला टोमॅटोच्या आडत्याकडे उत्तर नसते, कारण त्याला आकाशातले काही नको असून फक्त पट्टीची प्रिंट हवी असते.

प्रत्यक्ष विधी पेनड्राइव्हने सुरू होतो. डिस्ट्रोची आयएसओ, म्हणजे संपूर्ण प्रणालीची एकसंध फाइल, त्या पेनड्राइव्हवर चढवून, लॅपटॉप सुरू होताना एफ२ किंवा एफ१२ ही कळ दाबत राहायचे असते. नेमकी कोणती, हे कंपनीगणिक बदलत असल्यामुळे जीर्णोद्धारक दोन्ही दाबतो. जुनी बॅटरी मेलेली असल्याने लाइट जाणार नाही अशी वेळ साधावी लागते, आणि वायफायच्या चिपेचा ड्रायव्हर, म्हणजे त्या भागाशी बोलणारा दुभाष्या, सापडेना तर यजमानाच्याच मोबाइलला केबल लावून त्याच्याच डेटावर तो उतरवावा लागतो. पुढे काळ्या खिडकीत ‘सुडो’ ही कारभाराचे सर्वाधिकार मागणारी आज्ञा देऊन पासवर्ड टाइप करताना पडद्यावर बहुधा एकही ठिपका उमटत नाही. हे सुरक्षेसाठी असते, परंतु ‘चालू कीबोर्ड बिघडवला’ ही यजमानाची नोंद कायम राहते.

खरा संघर्ष त्यानंतरचा आहे. ‘ते निळं ई कुठं गेलं?’ हा काकूंचा पहिला प्रश्न असतो. पाठोपाठ पतसंस्थेचे जुने अहवाल उघडले जातात आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा पाचोळा दिसतो, कारण प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी यूनिकोड पद्धत रुळण्यापूर्वी ते अहवाल श्रीलिपीसारख्या, स्वतःची वेगळी अक्षरयोजना असलेल्या फाँटांत टंकलेले असतात. बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजसाठीच असल्याचेही याच मुहूर्तावर उघड होते. अखेरीस ‘ड्युअल बूट’, म्हणजे एकाच डबीत दोन प्रणालींचे विभक्त कुटुंब, हा तह होतो. जीर्णोद्धारक तो स्वीकारतो, मात्र सुरुवातीच्या यादीत लिनक्सचे नाव वर राहील एवढे पाहतो.

तरीही या प्रकाराची शोकान्तिका पराभवात नसून यशात आहे. विंडोज बसवून देणाऱ्या दुकानदाराला यजमान दर काही महिन्यांनी ‘हँग होतंय, फॉरमॅट मारा’ म्हणून बोलावतो आणि प्रत्येक खेपेस पैसे व चहा देतो. लिनक्सचा लॅपटॉप मात्र घरातल्या मुलीच्या अभ्यासाला लागतो, निमूटपणे वर्षानुवर्षे चालतो आणि बसवणाऱ्याची आठवण येण्याचे कोणतेही कारण निर्माण करत नाही. निष्काम कर्माची ही कसोटी त्याला फार काळ सोसत नाही. तेव्हा एखाद्या रविवारी ‘नवी आवृत्ती आली आहे’ असे सांगत तो आपण होऊन येतो, सुरळीत चाललेली प्रणाली अद्ययावत करतो, लॅपटॉपचा आवाज बंद पडतो, आणि तो परत आणण्यासाठी पुढचे तीन रविवार त्याला हक्काने बोलावले जाते.