मंगळवारचा जावई

ताडोब्यातली कोअरची सफारी मंगळवारी बंद असते. मोहर्ली गेटाजवळच्या रिसॉर्टांच्या स्वयंपाकघरांना तेवढाच काय तो श्वास. पहाटे उठून पर्यटकांचे नाश्त्याचे डबे भरायचे नाहीत, उकडलेली अंडी मोजायची नाहीत. नेमक्या याच दिवशी रस्त्यावर एक विशिष्ट प्रकारचा तरुण दिसतो. दाढी कोरलेली, शर्टाला इस्त्री, आणि मोटरसायकलच्या टाकीवर मांडीत धरलेला स्टीलचा डबा. डब्यात केक असतो. तो तिच्यासाठी नसतो. तिच्या आईबापांसाठी असतो.

असा पोट्टा एकच नाही. कुणी रिसॉर्टात बेकरीचं काम शिकलेला, कुणी जिप्सी चालवता चालवता मोबाइलवर पाहून तयार झालेला. मुलगी राजी आहे, अडलं आहे ते घराशी, एवढं मात्र सगळ्यांचं सारखं. घरात शिरायचं तर स्वयंपाकघराच्या दाराने, हा त्यांचा सिद्धांत.

पहिलीच ठेच लागते ती वाराची. कोअर बंद तो मंगळवार, आणि तिच्या आईचा उपासही मंगळवारचाच. गव्हाचा मैदा, त्यात सोडा, वरून काजू; उपासाला यातला फक्त काजू चालतो. काकू तेवढा वेचून घेतात आणि बाकीचा झाकून ठेवतात. मग येतो पावसाळा. 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोअर बंद, म्हणजे गड्याला वेळच वेळ. पण साधारण तेव्हाच चातुर्मास लागतो आणि घरातून अंडं हद्दपार होतं. ज्या दिवसांत हात मोकळे, त्या दिवसांत अंड्यावाचून केक फुगवायचा! मग दही आणि खायचा सोडा. दह्याच्या आंबटपणाने सोड्यातून वायू सुटतो, त्याचे बुडबुडे पिठात अडकतात आणि केक वर येतो. मिश्रण कालवून गप्पा मारत बसलं की वायू उडून जातो आणि केक बसतो. भावी सासऱ्यासमोर गप्पा आवरत्या घेणं किती अवघड, हे ज्याचं त्याला ठाऊक.

विजेचा तर वेगळाच तमाशा. इरई धरणाच्या पाण्यावर चंद्रपूरचं 2,920 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र चालतं आणि मोहर्ली त्याच जलाशयाच्या काठाला. तरी वादळवारा सुटला की गावातले दिवे आधी जातात. ओव्हन निम्म्यात थंड पडला की केकच्या मधोमध तळं साचतं. म्हणून अनुभवी गडी कुकरवर येतो. तळाला मिठाचा थर, वर जाळी, जाळीवर भांडं. पाणी नाही, रिंग काढलेली, शिट्टी काढलेली. 2020च्या टाळेबंदीत पार्ले-जीचा चुरा, दूध आणि इनो घालून घरोघरी हाच प्रयोग झाला होता, त्यामुळे काकूंना पद्धत माहीत असते. त्यांना घोर केकचा नसतो.

‘रिंग कुठी ठेवली, बाप्पा? मांगच्या वेळी दोन दिवस सापडली नाई.’

‘खिडकीत ठेवली, काकू.’

चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 47 अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे क्रीमचे मजले, गुलाबाची फुलं वगैरे इथे निकालात निघतात. रस्त्यातच त्यांचं सरबत होतं. यातून एखादा कल्पक पोट्टा निघतो आणि मोहफुलाचा केक करतो. कल्पना तशी अस्सल आहे. वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक साखरच असते, आणि त्याचे लाडू गडचिरोली भागात होतातही. पण मोह म्हटलं की आधी दारू आठवते, आणि चंद्रपूर जिल्ह्याने 1 एप्रिल 2015 पासून 2021 पर्यंत दारूबंदी पाहिलेली. ‘मोहाचा’ हा शब्द कानी पडताच काकूंच्या भुवया चढतात आणि तिचे वडील, म्हणजे काकाजी, खुर्ची पुढे ओढतात. केक चाखून दोघांचीही निराशा होते, कारणं वेगवेगळी.

खरा सामना काकाजींशीच. हा ‘काकाजी’ म्हणतो, पण जिभेच्या टोकावर सासऱ्याला म्हणायचं ‘मामाजी’ असतं; एखादेवेळी निसटतंही. भाजण्याच्या विद्येत काकाजी काही नवशिके नाहीत. त्यांनी जन्मभर रोडगे भाजले आहेत. जाड्या कणकेचे गोळे, गोवऱ्यांचा जाळ, मग निखाऱ्यांत पुरायचे आणि बोटाने टिचकी मारून आवाजावरून ओळखायचं. त्यांना घड्याळ लागत नाही, 180 अंशही लागत नाहीत. पन्नास माणसांचा स्वयंपाक शेतात उतरवणारा हा माणूस सहा इंची केककडे पाहून विचारतो, ‘हे किती जणाचं होय?’ यावर कुठल्याही बेकरीत उत्तर शिकवत नाहीत.

तरी गडी दर मंगळवारी येतो. आधी केक घेऊन, मग केक त्यांच्याच घरी करायला, पुढे केक राहतो बाजूला आणि मिक्सरची वायर दुरुस्त होते, धान्याचं पोतं चढवलं जातं, काकूंना चंद्रपूरच्या दवाखान्यात नेऊन आणलं जातं. गोंड समाजात ‘लमसेना’ म्हणून एक जुनी रीत आहे. मुलीच्या घरी राहून काही वर्षं शेतात राबायचं आणि मग लग्न. 1916 साली आलेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या ग्रंथात मध्य प्रांतातल्या या रिवाजाची नोंद सापडते. आमचा केकवाला इंटरनेटचा पाईक. आपण लमसेना झालो आहोत हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. काकाजींना ते केव्हाच कळलं आहे आणि म्हणूनच ते घाईत नाहीत.

आडनाव, जात, पगार, नऊ महिनेच चालणारी नोकरी, हे प्रश्न केकने सुटत नाहीत. सुटतात असं सांगणाऱ्या पोट्ट्यावर विश्वास ठेवू नये. केक फक्त एवढं करतो की ते प्रश्न दारातच न विचारता चहा झाल्यावर विचारले जातात.

निकाल विचाराल तर केक बेताचाच असतो. कडा कोरड्या, मधला भाग किंचित कच्चा, वेलची जरा जास्त. पण खाऊन झाल्यावर पोट्टा कुकर घासतो, मीठ डब्यात भरून पुढच्या खेपेसाठी ठेवतो आणि रिंग जागच्या जागी लावतो. काकूंच्या बाजूने तो पास आहे. काकाजींचं मत दिवाळीनंतर कळेल. तोवर त्यांनी त्याला रोडग्यांसाठी गोवऱ्या आणायला सांगितलं आहे.