मूळचे कुठले?

रोहतांगला गेलेली माणसं साधारणपणे वर बघतात. आमचे शेजारी सर खाली बघतात. जवळजवळ चार हजार मीटर उंचीवर, समोर लाहौलची शिखरं उन्हात उभी असताना, सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ वितळत्या बर्फाच्या कडेला गुडघे टेकून एकेक दगड उलटा करतो, खाली डोकावतो आणि दगड होता तसा परत ठेवतो. येणारेजाणारे विचारतात, ‘‘अंकलजी, कुछ खो गया?’’ सर मान वर न करता सांगतात, ‘‘अभी मिला कहाँ है!’’

सर प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांचा जीव कॅराबिडी नावाच्या कुळात अडकलेला आहे. हे जमिनीवर धावणारे भुंगेरे. बहुतेक शिकारी, बहुतेक रात्रपाळीचे आणि जगात त्यांच्या सुमारे 40 हजार जाती. त्यातले काही जिथे गवतही धड उगवत नाही अशा ठिकाणी संसार करतात. तिथे खातात काय, हा प्रश्न मी पुणेकर असल्यामुळे आधी विचारला. उत्तर असं, की खालच्या प्रदेशातले किडे वाऱ्याबरोबर वर उडून येतात आणि बर्फावर पडून गारठतात. अंधार पडला की हे महाशय दगडाखालून निघतात आणि बर्फाच्या कडेकडेने जेवत जातात. ताट थंड, पण फुकट. आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजातले एम. एस. मणी यांनी 1950च्या दशकात वायव्य हिमालयात मोहिमा नेऊन या मंडळींचा अभ्यास केला आणि 1962मध्ये अतिउंचीवरच्या कीटकांवर पुस्तकच लिहिलं. ज्याने आग्र्याचा मे महिना पाहिला आहे, त्याला या विषयाची निवड सहज पटेल.

सरांबरोबरच्या रोहतांग मोहिमेत माझ्याकडे बाटल्या धरण्याचं काम होतं. पण सरांचे दोन्ही हात दगडाखाली असताना एक काळा, चपळ, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा जीव माझ्या बुटावरून निघाला आणि मी तो चिमटीत पकडला. त्याने तत्काळ शेपटाकडून काहीतरी सोडलं. या कुळातले पुष्कळ सभासद फॉर्मिक आम्ल बाळगतात, ही माहिती सरांनी मला त्यानंतर दिली. वर सांत्वन म्हणून डार्विनची गोष्ट सांगितली. केंब्रिजला असताना त्याच्या दोन्ही हातांत एकेक दुर्मीळ भुंगेरा होता, तेवढ्यात तिसरा दिसला. हात मोकळा करायला त्याने एक सरळ तोंडात टाकला. त्या भुंगेऱ्याने जिभेवर असा काही तिखट फवारा मारला, की तो थुंकावा लागला आणि तिसराही निसटला. ‘‘तुमची बोटंच आहेत,’’ सर म्हणाले, ‘‘नशीबवान आहात.’’

पुण्याला परतल्यावर सरांच्या जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक आला आणि वहिनींनी कपाळाला हात लावला. पकडण्याचं काम धावपळीचं असलं तरी ते सोपं. खरी दमछाक ओळखण्यात. त्यासाठी प्रश्नांची एक लांबलचक मालिका असते. प्रत्येक प्रश्नाला दोनच उत्तरं आणि प्रत्येक उत्तर पुढच्या कुठल्यातरी क्रमांकावर पाठवतं. मला वाटलं, प्रश्न रंगाबद्दल, आकाराबद्दल असतील. पहिल्याच पानावर विचारलं होतं, की मागच्या पायाचं बूड पोटाच्या पहिल्या वळीला मधोमध छेदतं का. छेदतं, म्हणजे कुळाच्या आसपास तरी आलो. मग डोळ्याच्या वर उभा राठ केस एक आहे की दोन? यावर अख्खे गट वेगळे होतात. आमच्या भुंगेऱ्याच्या डाव्या डोळ्यावर दोन होते, उजव्यावर एक. मी आनंदाने ओरडलो, ‘‘नवी जाती!’’ सर म्हणाले, ‘‘केस तुटलाय. खळगी मोजा.’’ केस गेला तरी ज्या खळगीतून तो उगवतो ती राहते आणि विज्ञान तीच मोजतं. हे ऐकून माझा हात नकळत माझ्या टाळूवर गेला.

उंचीवरच्या भुंगेऱ्यांची पंचाईत अशी, की थंडीने सगळ्यांना एकाच साच्यात घातलं आहे. ऊन शोषायला बरा म्हणून रंग काळा किंवा काळपट. वाऱ्यात उडणारा परत येण्याची शाश्वती नाही, म्हणून पुष्कळांचे पंख खुंटलेले, काहींच्या पाठीवरची झाकणं तर कायमची चिकटलेली. राहणार सगळे दगडाखाली, म्हणून अंग चपटं. नात्याने दूरदूरचे, पण दिसायला सख्खे भाऊ. उलट शेजारच्या दोन पर्वतरांगांवरचे खरे चुलत भाऊ पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना भेटलेलेच नाहीत. उडता येत नाही आणि पायी जावं तर मधली दरी फार गरम. प्रत्येक डोंगर म्हणजे एक बेट, आणि बेटागणिक जाती वेगळी होण्याची शक्यता.

म्हणून या शास्त्रात सगळ्यात किमती वस्तू कोणती, तर भुंगेऱ्याखाली टाचणीला टोचलेली नखाएवढी चिठ्ठी. ठिकाण, उंची, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. ती नसेल तर नमुना कितीही देखणा असो, कवडीमोल. हे मला ताबडतोब उमगलं, कारण आपण मराठी माणसं रेल्वेत दुसरं काय करतो? समोरच्याने ‘कुलकर्णी’ म्हटलं की आपलं समाधान होत नाही. ‘‘म्हणजे कुठले कुलकर्णी?’’ त्याने ‘पुण्याचे’ म्हणावं, तर ‘‘नाही, मूळचे?’’ हा प्रश्न आजवर मी भोचकपणा समजत होतो. सरांनी त्याला शास्त्राधार दिला. फरक एवढाच, की कुलकर्णी बदलीने नागपूरला जातात. बिनपंखी भुंगेरा मूळचा जिथला, तिथलाच राहतो.

भारतातल्या या कुळाचा मोठा आधार अजूनही एच. ई. अँड्र्यूज या इंग्रजाचे ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथमालेतले दोन खंड, 1929 आणि 1935चे. सर ते पोथीच्या सोवळ्याने उघडतात. त्यानंतर पुष्कळ नव्या जातींची भर पडली, नावं बदलली, गट फिरले. पण एक नियम, सर म्हणाले, अढळ आहे. प्राण्याला रीतसर दिलेलं पहिलं नाव तेच खरं. नंतरचं कितीही गोड असलं तरी बाद. या नियमाची फळं कधी कडू असतात. स्लोव्हेनियाच्या गुहांमधल्या एका आंधळ्या, पिंगट भुंगेऱ्याचं 1937मध्ये हिटलरच्या सन्मानार्थ ‘अनॉफ्थॅल्मस हिटलेरी’ असं बारसं झालं. हिटलर गेला, नाव राहिलं. नाझी वस्तूंचे शौकीन आता त्या निरुपद्रवी जिवाला शोधत गुहा धुंडाळतात. त्या बिचाऱ्याला दिसत नाही हे एका अर्थी बरंच.

आमची गाडी अखेर ‘अमारा’ या प्रजातीपर्यंत पोहोचली आणि थांबली. पुढची खूण बाहेरून दिसत नव्हती. या मंडळींत जाती पक्की करायची तर अनेकदा नराचं जननेंद्रिय काढून बघावं लागतं. ते मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं असतं, त्याचा बाक आणि टोक जातीगणिक वेगळं. सरांनी पुढचे पाय तपासले. नराच्या पुढच्या पावलांचे सांधे रुंद असतात, मादीला धरायला. आमच्या पाहुण्याची पावलं नाजूक निघाली.

‘‘बाई आहेत,’’ सर म्हणाले. पण चेहरा मुळीच पडला नाही. ‘‘मादी आहे म्हणजे त्याच उतारावर नरही असणार. पुढच्या जूनमध्ये जाऊ. आणि समजा नवीन जाती निघाली, तर नाव काय द्यायचं ते मी ठरवलंय.’’ त्यांनी स्वयंपाकघराकडे प्रेमाने पाहिलं.

वहिनी पोळपाट-लाटणं घेऊन दारात आल्या. ‘‘पहिलं नाव तेच खरं, असं मघाशी म्हणालात ना? हा नियम तुमच्या किड्यांना आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नाव बदललंत, तेव्हा कुठे होता?’’

सरांनी सूक्ष्मदर्शक उचलला. टेबलावर ताटं मांडायची होती.