चुंबकसर

सरांच्या शर्टाच्या खिशात दोन पेनं असतात आणि पँटच्या खिशात एक नालाकृती चुंबक. चुंबक शाळेचं आहे. प्रयोगशाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत ते कपाट क्रमांक तीनमध्ये आहे असं लिहिलंय, पण कपाटात ते फक्त तपासणीच्या दिवशी असतं. एरवी ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या सेकंडहँड मोटरसायकलींच्या टाक्यांवरून फिरत असतं.

टाकी पत्र्याची. ती कुठं आपटून चेपली, तर पत्रा ठोकून सरळ करायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून काही लोक खड्ड्यात लांबी भरतात, पॉलिश पेपर मारतात आणि वर रंगाचा असा चकाकता थर चढवतात की बघणाऱ्याचं तोंड त्यात दिसावं. सर तोंड बघत नाहीत. ते खिशातून चुंबक काढतात, टाकीवर टेकवतात आणि हळूहळू सरकवतात. चांगल्या पत्र्याला चुंबक चिकटतं. जिथं लांबीचा जाड थर असेल तिथं ते पकड सोडून घसरतं आणि त्याबरोबर विकणाऱ्याचा चेहराही. उद्यमनगरातल्या गॅरेजवाल्यांनी त्यांचं नाव चुंबकसर पाडलंय ते यावरून. यातले निम्मे मिस्त्री सरांचेच विद्यार्थी. आठवीत 'चुंबकत्व' शिकताना मागच्या बाकावर झोपलेले.

सरांना एक मोटरसायकल घ्यायची आहे. साधी नाही, मॉडिफाय केलेली; बॉबर म्हणतात तसली. मागचं मडगार्ड आखूड, सीट एकाच माणसाची, हँडल रुंद, टायर जाडजूड. प्रश्न एवढाच आहे की, नवी गाडी घेऊन आपल्याला हवी तशी करून घ्यावी, की कुणीतरी आधीच करून ठेवलेली जुनी घ्यावी? २०१८ च्या नोव्हेंबरात जावा पुन्हा बाजारात आली तेव्हा सरांनी ठरवायला सुरुवात केली. अजून ठरवताहेत.

दिरंगाई म्हणावी, तर प्रत्येक वेळी कारण सबळ होतं. जावाच्या मागोमाग कंपनीच पेराक नावाचा तयार बॉबर आणणार होती, मग थांबणं आलंच. तो आला, तोवर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू होणार असं कळलं. जुन्या इंजिनावर पैसे कोण घालणार? मग टाळेबंदी. २०२२ मध्ये येझदी परतली, म्हणजे तुलनेला एक रकाना वाढला. २०२४ च्या नोव्हेंबरात रॉयल एनफिल्डनं गोवन क्लासिक काढली. पांढऱ्या पट्ट्याचे टायर, वर उचललेलं हँडल, मागची सीट हवी तर काढून ठेवा. सगळी मॉडिफिकेशन कारखान्यातच झालेली. सर आठवडाभर खुशीत होते. मग म्हणाले, "कंपनीनंच केलेली असली तर ती आपली कशी?"

पुढं २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या गाड्यांवर अठ्ठावीसचा अठरा टक्के झाला, त्यावरच्यांवर चाळीस. सरांची निवड ३४९ सीसीची आणि ६४८ सीसीची, अशा दोन गाड्यांत अडकली होती. एका फटक्यात सरकारनं निकाल लावून दिला असं आम्हा सगळ्यांना स्टाफरूममध्ये वाटलं. सर मात्र चिंतेत. "स्वस्त झाली म्हणजे दसऱ्याला झुंबड उडणार. झुंबडीत वस्तू घेऊ नये." दसरा गेला, दिवाळी गेली. डिसेंबरात विचारलं तर म्हणाले, "डिसेंबरची गाडी म्हणजे मूर्खपणा. एकतीस तारखेला झोपते आणि सकाळी उठते ती एक वर्षानं म्हातारी होऊन."

शोरूमवाल्यांनी त्यांची धास्ती घेतलीय. कोऱ्या गाडीच्या टाकीला चुंबक लावणारं गिऱ्हाईक तिथल्या पोरानं जन्मात पाहिलं नव्हतं. "सर, नवीन हाय की हो," तो कळवळून म्हणाला. सर म्हणाले, "मी कुठं नाही म्हणतोय? खात्री करतोय."

पण सरांचं खरं क्षेत्र जुनी गाडी. आणि त्यात निपाणीची बुलेट हा मानाचा अध्याय आहे, कारण तिच्याइतकं ते कुठल्याच गाडीच्या जवळ गेले नाहीत.

जुनी बिडाच्या इंजिनाची बुलेट, कुणीतरी हौसेनं बॉबर केलेली. मी सोबत होतो. मला मोटरसायकलीतलं काही कळत नाही, पण निपाणीला जायचं म्हणजे चहा चांगला मिळतो. आम्ही दारात पोचलो आणि सरांनी नमस्कार करायच्या आधी इंजिनाच्या फिन्सवर तळहात ठेवला.

"गरम आहे. कुठून आलात?"

"न्हाई, घरातच हुतो."

"घर कुठं?"

"ह्येच की!"

गोष्ट अशी असते की थंड इंजिन पहिल्या किकला कसं उठतं, यावरून त्याची तब्येत कळते. कुरकुरणारं इंजिन विकणारा आधीच तापवून ठेवतो. हे सर्वांना माहीत असतं, पण सर्वजण दोन किक मारून बघतात आणि मान डोलावतात. सर ओट्यावर बसले. "थंड होऊ दे." बिड सावकाश थंड होतं. चहा झाला, पोहे झाले, मालकाच्या म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी झाली, मालकाच्या पोराच्या विज्ञानाच्या वहीतल्या दोन चुका लाल पेनानं दुरुस्त झाल्या. मग सर उठले, पुन्हा हात लावला, आणि म्हणाले, "आता मारा." मालकानं किक मारली. मारली. मारतच राहिला. गाडी उठली तेव्हा धूर निळसर होता, म्हणजे रिंगा गेलेल्या आणि ऑईल जळतंय. सरांनी वहीत लिहून घेतलं, न रागावता. विकणाऱ्यावर ते कधीच रागावत नाहीत. दोष सापडला की त्यांना उलट हलकं वाटतं.

मग चालवून बघायची पाळी आली. त्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. सरांना हे पाठ आहे. कुणालाही झोपेतून उठून सांगतील. पण पाय पाठ करत नाहीत. वळणावर तंबाखूच्या वखारीचं फाटक समोर आलं आणि सरांनी सवयीनं उजवा पाय दाबला. गाडी थांबण्याऐवजी दुसरा गिअर पडला. हाताचा ब्रेक लागला म्हणून फाटक वाचलं. परत येऊन हेल्मेट काढत म्हणाले, "ब्रेक तपासायचा राहिला."

एवढं होऊनही गाडी त्यांच्या मनात भरली होती. अडलं ते नंबरप्लेटवर. केए-२३, म्हणजे चिक्कोडीचं पासिंग. घर मराठी, भाषा मराठी, गाडी कर्नाटकाची. तिकडून ना हरकत प्रमाणपत्र आणा, इकडं पुन्हा कर भरा, एमएच-०९ करून घ्या, पंधरा वर्षं उलटलेली म्हणून फिटनेस, फॉर्म २९, फॉर्म ३०. सीमाप्रश्न गाडीला लागू होतो हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं.

परतीच्या वाटेवर त्यांनी गणित मांडलं. "त्यानं गाडीवर वरून दीड लाख घातलेत. मला सगळी मिळून लाखात देतोय. म्हणजे माझा फायदा." कागल येईपर्यंत गप्प. मग, "पण त्याचे दीड लाख गेले कुठं? मॉडिफिकेशनमध्ये. म्हणजे मॉडिफिकेशनचे पैसे परत येत नाहीत. मग नवी घेऊन मी ते का घालू? आणि जुनी घेतली तर विकताना माझेही येणार नाहीत." हे त्रैराशिक आजतागायत सुटलेलं नाही. त्यात तथ्य आहे हेच अवघड. दुसऱ्यानं करून घेतलेली गाडी स्वस्त मिळते खरी, पण ती त्याच्या मापाची असते. त्याचे हात लांब, म्हणून हँडल दूर. त्याला पाठदुखी नव्हती, म्हणून सीट फळकुटासारखी. वायरिंग कुठं कापून कुठं चिकटटेप मारलाय ते त्याच्या मिस्त्रीलाच माहीत आणि तो मिस्त्री दुबईला गेलेला असतो. क्लचची केबल तुटली तर दुकानदार विचारतो, कुठल्या गाडीची? आणि उत्तर नसतं.

कायद्याचं तर बोलायलाच नको. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सरांना वंदे मातरमसारखं येतं. कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या जानेवारीत सांगितलं, त्या दिवशी सरांनी परिपाठात ती बातमी मुलांना वाचायला लावली होती. त्यामुळं कुणी "आरटीओत काय प्रॉब्लेम येत न्हाई" म्हणाला की ते आरसीबुक उघडतात आणि गाडीशी ताडून बघतात, जणू हजेरीच घेताहेत.

"अपघात झाला आणि विमावाल्यानं विचारलं, हे हँडल कुठलं, तर?"

"सर, तुमी कशाला अपघात करताय?"

"मी नाही करणार. हँडल करेल."

सायलेन्सरच्या बाबतीत मात्र ते आणि मी एकदिलानं पोलिसांच्या बाजूचे. फटाके फोडणारे सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात ते व्हिडिओ आम्ही मधल्या सुट्टीत पुन:पुन्हा बघतो. माझ्या मते पाठ्यपुस्तकातही ते यायला हरकत नाही.

मिस्त्री मंडळींनी तिसरा मार्ग सुचवून पाहिला. नुसती चासी आणि इंजिन घ्या, कागद स्वच्छ असलेलं, बाकी सगळं आम्ही तुमच्या मापानं लेथवर करून देतो. उद्यमनगरात काय होत नाही? सरांनी वहीत तिसरा रकाना आखला. मिस्त्रीनं शेवटी हात पुसत विचारलं, "सर, घेताय का नुसतं बगताय?" सर म्हणाले, "बघितल्याशिवाय घेणार कसं?"

या सगळ्या ठिकाणी सर जातात कशावरून, हे सांगायचं राहिलं. स्प्लेंडरवरून. काळी, निळे पट्टे. घेतली त्या दिवशी सीटवर जे प्लास्टिक होतं ते अजून आहे. उन्हाळ्यात चटका देतं, पावसाळ्यात घसरवतं. आरसे कंपनीचे, ग्रिप कंपनीची, साडीगार्डसुद्धा कंपनीचं. तिच्यावर साधं स्टिकर लावायची कुणाची हिंमत नाही. एकदा शिपायानं हौसेनं नंबरप्लेटवर 'सर' लिहून आणलं, तर त्याला थिनर आणि फडकं देऊन परत पाठवलं.

बाकी तयारी संपूर्ण आहे. आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट आहे, कातडी हातमोजे आहेत, दोन्ही बाजूंना लोंबकळणाऱ्या पिशव्या आहेत. पिशव्यांत सध्या वहिनींनी कांदे-बटाटे ठेवलेत. वहिनी फार बोलत नाहीत. एकल सीट म्हणजे काय हे सरांनी त्यांना चित्र काढून समजावलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. मला कुठं यायचंय?" आणि या उत्तरानं सर इतके अस्वस्थ झाले की त्यांनी दोन सीटच्या गाड्यांची वेगळी यादी केली.

आणि तरीही, गावात गेल्या काही वर्षांत चांगली जुनी मोटरसायकल ज्यानं ज्यानं घेतली, ती सरांना दाखवून घेतली. ते पैसे घेत नाहीत. रविवारी सकाळी चुंबक आणि टॉर्च घेऊन येतात, पुढच्या चाकासमोर उकिडवं बसून एक डोळा मिटून फोर्क वाकडा आहे का पाहतात, मानेजवळच्या वेल्डिंगवर नख फिरवतात, चासी नंबरचे आकडे कानशीनं घासलेत का बघतात, चेन-स्प्रॉकेटचे दात मोजल्यासारखे न्याहाळतात. "घे" म्हणाले की डोळे मिटून घ्यावी. गेल्या वर्षी एका पोराला त्यांनी "घे" म्हटलं ती गाडी त्यांच्या स्वतःच्या यादीत पहिली होती. ती गेल्यावर मी हळहळलो. सर मोकळे दिसत होते; वहीतली एक ओळ कमी झाली होती.

यंदा सर निवृत्त होणार. माजी विद्यार्थ्यांनी गुपचूप ठरवलं, की शाल-श्रीफळ पुरे, सरांना गाडीच द्यायची. वर्गणी झपाट्यानं जमली. बैठक भरली मिस्त्रीच्या गॅरेजात. पहिलाच मुद्दा: नवी द्यायची की जुनी? एक जण म्हणाला, नवी, पण सर तिला हात लावू देणार नाहीत. दुसरा म्हणाला, जुनी, पण सर तिच्यात खोट काढतील. तिसऱ्यानं जीएसटी काढला. दुसरी बैठक झाली, तिसरी झाली. पैसे एकाच्या नावावर मुदत ठेवीत टाकले. शेवटी जाणकाराला विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही असं ठरलं, आणि जिल्ह्यात जाणकार एकच. मला पाठवलं. मी सरांना सांगितलं, की माझ्या एका मित्राला मॉडिफाय केलेली गाडी घ्यायचीय, पैसे तयार आहेत, पण त्याचं ठरत नाही.

सरांनी वही उघडली, माझ्या मित्रासाठी नवं पान घेतलं, वर तारीख टाकली. दर सोमवारी प्रार्थनेनंतर विचारतात. काल जरा चिडलेच.

"अजून नाही ठरलं त्याचं? पैसे हातात असून माणूस इतका घोळ घालतो?"

मी म्हटलं, सर, मग काय सांगू त्याला?

"सांगा, बेधडक घेऊन टाक म्हणावं," असं म्हणून ते वर्गाकडं निघाले. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून परत आले. "पण मार्चएन्ड होऊ दे म्हणावं."