कला शाखेतून थेट मूत्रपिंडापर्यंत

बारावीला इतिहास, राज्यशास्त्र आणि मराठी घेऊन ज्यांनी जीएनएमला प्रवेश मिळवला आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. विज्ञानवाल्यांनी वाचले नाही तरी चालेल. त्यांनी प्रॅक्टिकलच्या वहीत सुबक आकृत्या काढलेल्या असतात आणि तेवढ्यावर आपल्याला शरीर कळले, असा त्यांचा समज असतो.

पहिली पायरी पुस्तकाची. चौरसियांचे जाडजूड खंड एमबीबीएसच्या मावसभावाकडून उसने आणावेत आणि दारातून दिसतील असे मांडून ठेवावेत. वाचायला रॉस अँड विल्सन घ्यावे. कुणी ग्रेच्या अॅनाटॉमीचा धाक घातलाच, तर शांतपणे सांगावे की १८५८ साली निघालेल्या त्या पुस्तकातली चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर नावाच्या माणसाने काढली. तोच पुढे मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायला आला आणि काही काळ साताऱ्याला सिव्हिल सर्जनही होता. पुस्तकाला नाव मात्र एकट्या ग्रेचे लागले. याचा सातारकरांनी जेवढा गवगवा करायला हवा होता तेवढा केलेला नाही. ती कसर तुम्ही भरून काढावी. याला मार्क नाहीत, पण समोरचा गप्प बसतो.

आता आकृती उघडा. हृदयाचा उजवा कप्पा डावीकडे छापलेला दिसेल. प्रेसची चूक समजून पेनने दुरुस्त करू नका. चित्रातला माणूस तुमच्यासमोर तोंड करून उभा आहे, त्याचा उजवा हात तुमच्या डाव्या बाजूला येणारच. तो तळवे पुढे करून उभा असतो. एरवी तसे कुणी उभे राहत नाही, पण शरीरातल्या सगळ्या दिशा त्या उभे राहण्यावरूनच ठरतात. कुणी ‘मीडियल’ म्हटले, की शरीराच्या मधल्या रेषेकडे बघायचे. इतके पुरे.

पाठांतराला इलाज नाही. हाडे २०६, तीही मोठ्या माणसाची. बाळाची जास्त असतात आणि वाढताना जुळत जातात. पाठीच्या कण्यासाठी जेवणाच्या वेळा लक्षात ठेवा: सातला नाश्ता, बाराला जेवण, पाचला चहा. मानेचे मणके सात, छातीमागचे बारा, कमरेचे पाच. त्याखाली पाच एकत्र जुळलेले, आणि शेवटी माकडहाडाचे बहुधा चार. मानेचे सात जिराफालाही असतात. हे जिराफाबद्दलचे वाक्य पेपरात लिहू नये, लिहावेसे फार वाटते.

यापुढची पायरी मटणाच्या दुकानात. खाटकाकडून एक अख्खा गुर्दा आणा आणि धारदार सुरीने उभा चिरा. बाहेरचा थर आणि आतला थर यांच्या रंगातला फरक साध्या डोळ्यांना दिसतो. आकृतीवर दोन तास डोके धरून बसण्यापेक्षा हे बरे, शिवाय गुर्दा नंतर परतून खाता येतो. शाकाहारी मंडळींनी व्हिडिओ पाहावा. मात्र बोकडावर फार विसंबू नका. वजडी पाहून माणसाच्या जठराला चार कप्पे काढाल! ही खोड जुनी आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेनला माणूस कापायला परवानगी नव्हती. त्याने माकडे आणि डुकरे कापली आणि माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो असे लिहून ठेवले. तो एकाच हाडाचा असतो हे व्हेसेलियसने १५४३ मध्ये छापून सांगेपर्यंत तेराशेवर वर्षे गेली. वर्गात नोट्स कुणाच्या उतरवायच्या ते यावरून ठरवा.

इथवर सगळ्या सनावळ्या झाल्या. फिजिऑलॉजी म्हणजे ‘कारणे द्या’, आणि तिथे कला शाखेवाला घरच्या मैदानावर असतो.

मूत्रपिंडच घ्या. प्रत्येकात सुमारे दहा लाख नेफ्रॉन. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता. त्या गुंत्यात रक्त आणणारी वाहिनी रुंद, बाहेर नेणारी अरुंद. का? आत दाब टिकावा म्हणून. त्या दाबाने पाणी, क्षार आणि युरिया गाळून पलीकडे जातात; रक्तपेशी आणि मोठी प्रथिने मागे राहतात. असे दिवसाला साधारण १८० लिटर गाळले जाते. शरीरात प्लाझ्मा जेमतेम तीन लिटर, म्हणजे तोच प्लाझ्मा दिवसातून साठेक वेळा गाळणीतून जातो. आणि लघवी होते दीड लिटर! बाकीचे सगळे पुढच्या नळीत परत रक्तात ओढून घेतले जाते.

आता रात्रपाळी. ऑपरेशन होऊन आलेला पेशंट, कॅथेटर लावलेला, कॉटला युरोबॅग टांगलेली. तुम्ही तासातासाला इनटेक-आउटपुट चार्ट भरताय आणि आकडा ताशी ३० मिलीच्या खाली आलाय. पाठ करणारी मुलगी आकडा लिहून पुढच्या कॉटकडे जाईल. तुम्ही स्वतःला प्रश्न घाला, कारणे द्या: गाळणे दाबावर चालते, बीपी थोडे उतरले तर मूत्रपिंड सांभाळून घेते, फार उतरले तर नाही. मग आधी नळी कुठे मुडपली किंवा तुंबली आहे का बघा, मग बीपी घ्या, ड्रेसिंग रक्ताने भिजले आहे का पाहा आणि डॉक्टरांना उठवा. ते चिडतील. ते अभ्यासक्रमात नाही.

तोंडी परीक्षेत एक्स्टर्नल मांडीचे हाड हातात देतील. नाव सांगण्याची घाई करू नका, ते त्यांनाही माहीत असते. गोल डोके वर आणि आतल्या बाजूला, मागची खरखरीत कड मागे, असे धरून हाड उजवे की डावे ते सांगा. थरथरत्या हातानेही चालते.

निकाल लागायच्या आतच शेजारचे काका सोनोग्राफीची फाइल घेऊन येतील आणि ‘तू आता शिकलीस ना’ म्हणतील. रिपोर्ट वाचून अर्थ सांगू नका. ‘डॉक्टरांना दाखवा’ म्हणा, फाइल परत द्या आणि काकूंसमोरच, मोठ्या आवाजात विचारा: ‘काका, दिवसाला लघवी किती होते?’