बघू की

आमच्या अण्णांचं अकलुजात खता-बियाण्यांचं दुकान आहे. नोकर तिघं, हिशेब लिहिणारा मी. अण्णा स्वतः फक्त धोरणात्मक निर्णय घेतात. म्हणजे घेत नाहीत. हा शब्द त्यांनी विक्रेत्यांच्या एका शिबिरातून आणला. तेव्हापासून पंख्याचं रेग्युलेटर बदलणंसुद्धा धोरणात्मक झालं. पंखा एक तर बंद, नाहीतर पाचावर. पावत्या विटेखाली.

2021 साली अकलूजची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली, तेव्हा पाटी नव्यानं रंगवायला काढली होती. अण्णांनी पेंटरला शिडीवरच थांबवला. "बघू की. उद्या अकलूजच तालुका झाला तर माळशिरस खोडायला परत पैसे?" पाटीवर अजून 'मु. पो. अकलूज, ता.' एवढंच आहे. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तारीख कधी पडायची?"

खरी कसोटी आडसालीला. ऊस रानात दीड वर्ष उभा राहतो, पण लागण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत उरकावी लागते. डीएपी किती मागवायचं, यावर चार चहा झाले. "वीर धरण भरतंय का बघू. सरकार काय करतंय बघू. समोरचा काय करतोय बघू." समोरचा म्हणजे समोरच्या दुकानाचा मालक. तोही गल्ल्यावर बसून आमच्याकडेच बघत असतो.

एवढ्यात तुकोबांची पालखी आली. सराटीला पादुकांना नीरास्नान झालं की पालखी अकलुजात येते, आणि सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होतं. अण्णा रिंगण चुकवत नाहीत. अश्व सुटतो, भरधाव फेऱ्या मारतो; सुटण्याआधी बैठक घेतल्याचं काही दिसत नाही. अण्णा टाळ्या वाजवत होते, तेवढ्या वेळात आमच्या बाळ्यानं डीलरला फोन लावून दोनशे गोणी सांगून टाकल्या.

गाडी दारात लागली. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला. आम्ही श्वास धरून. पुढच्या आठवड्यात समोरच्याकडचं डीएपी संपलं आणि आमच्या दारात अंगठा लावायला रांग लागली. अण्णा एकेकाला सांगत होते, "मी मुद्दामच रिंगणाला गेलो होतो."

दिवाळीला बाळ्यानं पगारवाढ मागितली. "बघू की," अण्णा म्हणाले.

बाळ्या आता समोरच्या दुकानात असतो. परवा मी तो विषय काढला, तर अण्णांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"बोलू नको कुठं. आपला माणूस पेरलाय तिथं."